पिंप भिजवणारी

दादांनी दारू सोडली, त्या दिवसापासून आमच्या घरातल्या सगळ्यांना एकच काम लागलं. दादांवर नजर ठेवणं. ते संडासात जरा जास्त वेळ बसले की कोणीतरी दाराशी जाऊन खाकरायचं. कोपऱ्यावर विडी आणायला निघाले की मागोमाग कोणाला तरी काडेपेटी हवी असायची. दादा माझे थोरले दीर, माणूस तसा वाईट नाही, पण घरातले सगळे डोळे एकाच माणसाच्या तोंडाकडे लागले की दुसऱ्याच्या तोंडात काय जातंय ते कोणाला दिसत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडाकडे कोणी बघितलं नाही. मी बघितलं. बघून गप्पही बसले नाही. त्याचा काय उपयोग झाला तेच सांगायला बसले आहे.

आमचा धंदा लाकडी पिंपांचा. आधी सासरे करायचे, मग दादांकडे आला. दारूच्या कारखान्यातली जुनी पिंपं विकत घ्यायची, कुजक्या फळ्या काढून नव्या बसवायच्या, लोखंडी कड्या ठोकून आवळायच्या आणि फळांचा रस साठवणाऱ्या कारखान्याला द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण जुनी पिंपं महिनोन्महिने उन्हात पडून असतात. सुकलं की लाकूड आक्रसतं. दोन फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो, आणि मग कडी कितीही ठोका, पाणी आत टिकत नाही. म्हणून पिंप आधी भिजवावं लागतं. आत उकळतं पाणी ओतायचं, तोंड बंद करायचं, लोळवायचं, उभं करायचं, उलटं करायचं, ठेवून द्यायचं. लाकूड पोटभर पाणी पितं, फुगतं, फळीला फळी घट्ट बसते.

आता ज्या लाकडात वर्षानुवर्षं दारू मुरली आहे, ते गरम पाण्यात काय सोडणार? पहिलं पाणी निघतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि त्याच्या वासानं डोळे चुरचुरतात. हे पहिलं पाणी ज्यानं पिंप दुरुस्त केलं त्याचं, ही या धंद्यातली रीत. मजुरी वेगळी, पहिलं पाणी वेगळं. त्यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. दुपारी हातोडी खाली ठेवायची आणि पेला भरून घ्यायचा. सासरे त्यातच गेले. दादा त्यातच मोठे झाले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, दादांचा चेहराच लाल आहे.

मग एका सकाळी दादांनी बेसिनमध्ये रक्त ओकलं. डॉक्टर जरा तिरसट होते. म्हणाले, "यापुढे एक घोट घेतलात तर मला बोलवू नका, सरळ खांदा द्यायला चार जणांना बोलवा." दादा घाबरले. आयुष्यात पहिल्यांदाच घाबरलेले पाहिले मी त्यांना. घरी आल्यावर अंगणातल्या बाकावर बसून राहिले आणि म्हणाले, "धंदा बंद करू. ते पाणी समोर असलं तर माझ्याच्यानं व्हायचं नाही."

पण धंदा बंद करून खायचं काय? दादांना दुसरं काही येत नव्हतं. माझे हे कागदपत्रांची भाषांतरं करायचे, औषधांच्या डब्यांमधली माहिती, यंत्रांच्या सूचना, असलं. मी शिलाई करायची. तेवढ्यात दोन संसार भागणारे नव्हते. सगळे माना खाली घालून बसले असताना जाऊबाई कमरेला पदर खोचत म्हणाल्या, "ठोकायचं काम तुम्ही करा पुढच्या शेडमध्ये. भिजवायचं मी करते मागच्या शेडमध्ये. किल्ली माझ्याकडे. तुम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

"तुला पिंप उचलवेल का?" दादा म्हणाले.

"तुम्हाला इतकी वर्षं उचलून पलंगावर टाकलं, ते काय कापसाचे होतात?"

सगळे हसले. जाऊबाई अशाच होत्या. अंगानं काटकुळ्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण समोरच्याला हसवून हसवून गप्प करायच्या. माझा त्यांच्यावर फार जीव होता. मला या घरात रुळवलं ते त्यांनी. मी त्यांना ताई म्हणायची आणि त्या मला नुसतं धाकटी.

तेव्हापासून पहिलं पाणी गटारात जायला लागलं. जाऊबाई ते सगळ्यांच्या देखत ओतायच्या, दार सताड उघडं ठेवून, दादांनाही दिसेल असं. आमच्याकडे कामाला एक जुना कारागीर होता, दिवसभर कड्या ठोकायचा म्हणून त्याला सगळे ठोक्याच म्हणायचे. त्याचा तर जीव तीळ तीळ तुटायचा. "वहिनी, गटाराचं नशीब बघा," म्हणायचा, "आमच्या सात पिढ्यांना एवढी मिळाली नाही." पाणी ओतलं की सगळ्या गल्लीला वास सुटायचा आणि गल्लीतल्या बायका जाऊबाईंचं कौतुक करत नाकाला पदर लावायच्या.

पण पहिलं पाणी ओतून काम संपत नव्हतं. रसाच्या कारखान्याचा माणूस फार कडक. लहान मुलांच्या पोटात जायचा रस, पिंपाला दारूची पुसट चव जरी राहिली तरी माल परत. म्हणून दुसरं पाणी, तिसरं पाणी, कधी चौथंसुद्धा. आणि आता उतरली की नाही, हे चाखूनच बघावं लागायचं. त्या शेडमध्ये वास नाकात इतका बसलेला असतो की हुंगून काही कळत नाही. हे चाखायचं काम इतकी वर्षं दादा करत होते. आता ते कोणी करायचं, हा प्रश्नच नव्हता.

दादांनीच शिकवलं त्यांना. मी माझ्या खिडकीतून बघत होते, माझं शिलाईचं मशीन मागच्या अंगणाकडच्या खिडकीशी असतं. दादा उंबऱ्याबाहेर उभे, हात मागं बांधलेले. जाऊबाई आत, हातात पत्र्याचं भांडं. दादा सांगत होते, "जिभेच्या शेंड्याला काही कळत नाही. मागं न्यायचं. पार घशाच्या तोंडाशी. तिथं जरा थांबवायचं. लागली तर तिथंच लागते. मग परत आणायचं आणि थुंकायचं." जाऊबाईंनी घोट घेतला, ठसका लागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठोक्या हसला, दादा हसले, मीही हसले. दादा ज्या तऱ्हेनं त्यांच्या घशाकडे बघत होते ते मला तेव्हा नुसतं काळजीचं वाटलं.

वर्षं गेली. दादांचा चेहरा माणसासारखा दिसायला लागला. व्यसनमुक्तीचं काम करणारी मंडळी त्यांना सभांना बोलवायची, व्यासपीठावर बसवायची. दादा उभे राहून सांगायचे, मी कसा होतो आणि कसा सुटलो. शेवटी एक वाक्य जाऊबाईंच्या वाट्याला यायचं, "माझ्या पत्नीची साथ मोलाची." लोक टाळ्या वाजवायचे. त्या वेळी पत्नी घरी पिंप लोळवत असायची.

चाखलेलं पाणी जाऊबाई थुंकत नाहीत, हे मला पहिल्यांदा कधी दिसलं ते नक्की सांगता येणार नाही. एकदा दिसलं की मग रोजच दिसायला लागलं. भांडं तोंडाला, मान मागं, आणि थुंकायला वाकणं नाही. भांडं पुन्हा पाण्यात. मी एक दिवस खाली गेले आणि सरळ विचारलं.

"ताई, थुंकलं नाहीत तुम्ही."

"बघत बसतेस होय गं माझ्यावर? ब्लाउज कोणाचे शिवतेस, माझे की गावाचे?"

"थट्टा नको. थुंकलं नाहीत."

त्यांनी भांडं पालथं घातलं. "घशाशी नेलेलं परत आणायचं म्हणजे काय असतं ते तुला करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. दिवसभर तेच. छाती दुखते थुंकून थुंकून. दुसरं तिसरं पाणी ते, त्यात असतं काय? खोकल्याच्या औषधात याहून जास्त असेल."

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. रात्री ह्यांना सांगितलं. हे माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "चव घेणं म्हणजे पिणं नव्हे. वहिनीबद्दल असलं काही दादाच्या कानावर घालू नकोस, घराला आग लागेल." आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

तेव्हा ह्यांच्याकडे एका इस्पितळाचं काम आलं होतं. दारूच्या व्यसनाबद्दल लोकांमध्ये वाटण्यासाठी एक माहितीपत्रक, इंग्रजीतून मराठीत करायचं होतं. त्यात बिंज हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. ह्यांना एखादा शब्द अडला की जेवण गोड लागत नाही. कोश काढून बसायचे, वाचनालयात जायचे, चार दिवस तोच शब्द तोंडात घोळवायचे. एका रविवारी सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात चहा घेत होतो, आणि हे जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच खाली आले.

"दादा, तुझ्या धंद्याचा शब्द सापडला मला! आणि तोही इंग्रजांचा!"

दादा म्हणाले, "आमच्या धंद्यात इंग्रजी कोणाला येतं?"

"अरे ऐक तर. आता तो शब्द पिण्यासाठी वापरतात. पण दीडएकशे वर्षांमागं त्यांच्या खेड्यांत त्याचा अर्थ होता लाकडी भांडं भिजवणं. सुकलेलं पिंप, टब, बादली, काहीही. गळू नये म्हणून पाण्यानं भरून ठेवायचं, त्याला ते बिंज करणं म्हणायचे. मग गुत्त्यात जाऊन आलेल्या माणसाला लोक चेष्टेनं म्हणायला लागले, हा आज स्वतःला भिजवून आलाय. हळूहळू पिंप मागं पडलं आणि माणूस राहिला. त्याच्याही आधी तो शब्द कुठून आला, ते मात्र कोशवाल्यांनाही ठाऊक नाही. ते हात टेकतात."

दादांना किती आनंद झाला म्हणून सांगू. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे साहेबांच्या देशातही कोणीतरी ठोक्या होता म्हणायचा! आणि आमच्यासारखीच पिंपं लोळवत होता!" त्यांना ह्यांच्याकडून तो शब्द दोनतीनदा म्हणवून घ्यायचा होता. पुढच्या सभेत सांगतो म्हणाले. इतके दिवस ज्या धंद्यानं त्यांना खाल्लं, त्याला परदेशातून कोणीतरी मान दिल्यासारखं त्यांना वाटत होतं.

जाऊबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "पिंप भिजवायचं आणि माणसानं भिजायचं, दोन्हीला एकच शब्द," म्हणाल्या. "शहाणी माणसं." मग कप विसळता विसळता ह्यांना विचारलं, "पण भाऊजी, आता त्याचा अर्थ नेमका काय धरायचा? किती प्यायलं म्हणजे तो शब्द लागतो?"

हे खूश झाले. कोणी अर्थ विचारला की ह्यांची कळी खुलते. "एका बैठकीत भरपूर. दोनचार तासांत एकामागून एक, भान जाईपर्यंत. थोड्या वेळात खूप, हे महत्त्वाचं."

"आणि कोणी रोज थोडं थोडं घेतलं तर? दिवसभर, पण थोडं थोडं. झिंगायचं नाही, पडायचं नाही, काम चुकवायचं नाही. त्याला?"

"त्याला हा शब्द नाही चालायचा, वहिनी."

"मग त्याला काय म्हणतात?"

"या पत्रकात तरी त्याला काही म्हटलेलं नाही," हे म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं.

जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला. मला तो पडताना दिसला. खांदे सैल झाले, त्यांनी सगळे कप पालथे घातले आणि एक गाणं गुणगुणत अंगणात गेल्या. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. वाटलं, हा माणूस एका शब्दासाठी चार दिवस उपाशी राहतो आणि समोर उभं राहून माणूस काय विचारतंय ते ह्याला कळत नाही. वर गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू आलं का त्यांनी काय विचारलं ते?" हे म्हणाले, "कुतूहल आहे वहिनीला. चांगलं आहे की."

त्यानंतर जाऊबाईंनी लपवणं जरा सोडलंच. माझ्यापासून तरी. आणि मला आणखी एक गोष्ट कळली. पहिलं पाणी त्या अजूनही सगळ्यांदेखत गटारात ओतायच्या, दार सताड उघडं ठेवून. पण आता गल्लीला वास येत नव्हता. गटारात जायचं ते नुसतं गरम पाणी, चुलीवरून थेट. खरं पहिलं पाणी आत कुठंतरी राहायचं. गल्लीतल्या बायका सवयीनं नाकाला पदर लावायच्या, वास असो नसो. ठोक्याच्या मात्र लक्षात आलं होतं. एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "धाकट्या वहिनी, गटाराचंही नशीब फिरलं म्हणायचं." मी त्याला गप्प केलं.

मी दादांकडे गेले. शेवटी नवरा तो, आणि या वाटेवरचा जुना वाटसरू. पुढच्या शेडमध्ये ते फळी तासत होते. मी म्हटलं, "दादा, ताईंची तब्येत मला बरी दिसत नाही. हात कापतात सकाळी. जेवत नाहीत. तुम्ही जरा बघा."

दादांनी रंधा थांबवला नाही. "कामानं दमते. तिला काम कळतं आणि तब्येतही कळते. तिच्याबद्दल मला कोणी काही सांगायचं नाही, धाकटे." आवाज असा की मी आल्या पावली परत फिरले.

मग एक दिवस दुपारी मागच्या शेडमधून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मी धावले. ओल्या फरशीवर जाऊबाई पडल्या होत्या, पिंप बाजूला लोळत होतं. पाय वाकडा झालेला. मी डोकं मांडीवर घेतलं तर त्यांच्या तोंडाचा तो वास, लाकडाचा आणि दारूचा मिसळलेला. मी त्यांना पाण्यानं चूळ भरायला लावली, कोणी यायच्या आत. म्हणाल्या, "शहाणी आहेस."

मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात ठेवलं, ऑपरेशन करायचं ठरलं. पहिला दिवस बरा गेला. नर्सना हसवत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हात थरथरायला लागले, उशी घामानं भिजली. दुपारपर्यंत त्या चादरीवरून काहीतरी झटकायला लागल्या, मुंग्या आहेत म्हणाल्या, मुंग्या कुठंच नव्हत्या. मधूनच भानावर यायच्या आणि आम्हाला ओळखायच्या.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं नाडी बघितली, डोळे बघितले आणि आमच्याकडे वळून विचारलं, "दारू घेतात का?"

दादा पुढे झाले. सभेत बोलायची सवय. "घ्यायचो. आता कित्येक वर्षं थेंब नाही."

"तुम्ही नाही. या."

मग हे म्हणाले, "वहिनी? छे छे. अहो, ह्यांनीच तर दादांना सोडवलं."

"नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणाली. "रोज घेणाऱ्या माणसाची एकदम बंद झाली तर असं होतं. झटके येतात. जीवावर बेततं. त्याला औषध वेगळं द्यावं लागतं आणि लगेच द्यावं लागतं. इथं लाजायचं काम नाही."

जाऊबाई तेव्हा भानावर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको. माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी इतका आवळला की बांगडी रुतली. मला माहीत होतं त्यांना काय वाटतंय. सगळ्या जगात ज्या एका गोष्टीसाठी लोक त्यांना मानत होते, ती मी सगळ्यांसमोर फोडणार होते. पण मेलेल्या माणसाची अब्रू घेऊन काय करायचं?

"घेतात," मी म्हटलं. "रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कित्येक वर्षं."

"अगं काय बोलतेस!" हे ओरडले. डॉक्टर तोवर नर्सला हाका मारत बाहेर पळालीही होती.

जाऊबाईंनी हात सोडला. रागावल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "असं का केलंस धाकटे? आता हे पितील गं." एवढंच. थोड्याच वेळात त्यांना पहिला झटका आला आणि आम्हाला खोलीबाहेर काढलं.

बाहेरच्या लांब बोळात लोखंडी बाकं होती. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. दादा बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी त्यांच्या शेजारी बसले, कारण मला वाटलं, त्यांना हा धक्का सोसणार नाही. मी म्हटलं, "दादा, मला बोलावंच लागलं. तुम्हाला असं कळायला नको होतं."

"मला माहीत होतं," दादा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"सुरुवातीपासून. इतकी वर्षं प्यायलेल्या माणसाला वास कळत नाही होय?" ते समोरच्या भिंतीकडे बघत हळू आवाजात बोलत होते, सभेत बोलतात तसं नाही. "ती झोपली की मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पडायचो. नुसता श्वास घ्यायचो. तेवढ्यावर माझी रात्र निघायची. ज्या रात्री वास कमी असायचा त्या रात्री मला झोप नाही."

"आणि तुम्ही त्यांना एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तिनं सोडली असती. तिचं मन माझ्यासारखं नाही, तिनं खरंच सोडली असती." आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग मी काय केलं असतं?"

ते हे मला समजावून सांगत होते. मला पटेल असं त्यांना वाटत होतं. माझे हात शिवशिवले, मोठ्या दिराच्या तोंडात मारायला. मी उठून बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथं भिंतीला टेकून मोठ्यानं रडले. औषध दिलं होतं, पण उशीर झाला होता, यकृत आधीच गेलेलं होतं. जाऊबाई पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. त्यांच्या तोंडाला फक्त औषधाचा वास येत होता.

लोक भेटायला आले. सगळे दादांचे हात हातात घेऊन म्हणायचे, वहिनींनी तुम्हाला जन्म दिला दुसरा, आता त्यांच्यासाठी तरी सांभाळा. दादा मान डोलवायचे. ते प्यायले नव्हते. ठोक्या, शेजारी, सगळे पुन्हा त्यांच्यावर नजर ठेवून होते.

भेटणारे कमी झाल्यावर एक दिवस हे आणि दादा दोघंही माझ्या खोलीत आले. मी मशीनवर होते. ह्यांनी घसा साफ केला, म्हणजे कठीण काही बोलायचं होतं. रसाच्या कारखान्याला पिंपं वेळेवर द्यायची आहेत, म्हणाले, अंगणात माल सुकून पडलाय. बाहेरचा माणूस मागच्या शेडमध्ये ठेवला तर तो पहिलं पाणी पिणार आणि दादांनाही देणार. घरचंच कोणीतरी हवं. विश्वासाचं.

"तुला जमेल," हे म्हणाले. "शिलाई काय, फावल्या वेळात होईल."

मी पाय पायडलवरून काढला. दादा दाराच्या चौकटीत उभे होते. ते ह्यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते.

"माझ्यानं होणार नाही," मी म्हटलं.

"अगं, पण चाखलं की थुंकायचं. तू थुंकशील, तू काही वहिनीसारखी..." हे मध्येच अडकले. शब्द सापडला नाही त्यांना.

"मी करणार नाही," मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी दादांना. "कोणीही भिजवा. नाहीतर विकून टाका. या घरातली आणखी एक बाई त्या शेडमध्ये जाणार नाही."

दादा अगदी साधेपणानं, धमकी नाही, रडगाणं नाही, जेवायला येत नाही असं कोणी सांगावं तसं म्हणाले, "मग मी पिईन, धाकटे."

मला ठाऊक होतं की ते खरं बोलत आहेत. डॉक्टर काय म्हणाले होते तेही ठाऊक होतं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता, हे हातानं मला खुणावत होते, हो म्हण, हो म्हण. मला दादा मरायला नको होते. तरीही मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"प्या," मी म्हटलं.